बिघाडाचा डबा

माझं पहिलं फझ पेडल टेबलावर उघडं असताना गुणगुणायचं. ॲल्युमिनियमच्या डब्यात घातल्यावर ते गप्प झालं. मग तो डबा पावडर कोटिंग करून आणला, सगळं पुन्हा आत बसवलं आणि ते परत गुणगुणायला लागलं. सर्किट तेच, गिटार तीच, खोलीही तीच. बदलला होता फक्त रंग.

ही गुणगुण म्हणजे भिंतीतल्या वायरिंगचा आवाज. आपल्याकडच्या विजेला स्वर आहे: पन्नास हर्ट्झ म्हणजे पाश्चात्त्य सप्तकातला अगदी खालचा जी, त्याहून किंचित चढा. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची, म्हणून तिकडच्या भिंती बी फ्लॅट आणि बी यांच्या मधल्या एका अडनिड्या जागी गुणगुणतात. गिटारचा पिकअप हा स्वर हवेतून उचलतो, उघडं सर्किटही उचलतं, आणि फझ पेडलचं कामच मुळी मिळेल ते शेकडो पटींनी मोठं करणं हे असल्यामुळे तो खोलीभर ऐकू येतो.

दोन संध्याकाळी मी सर्किटच्या मागे लागले होते. सगळे सांधे परत डाग दिले, एक ट्रान्झिस्टर उगाचच बदलला. रंगाचा संशय आला नाही, कारण रंग म्हणजे शोभा, अशीच माझी समजूत होती. पुढे या रंगाचा आणि डब्याचा माग काढत गेले. फझच्या इतिहासावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यात सर्किट असतं, वादक असतात, गाणी असतात. डबा मात्र छायाचित्रापुरता येतो. मला आता तो इतिहास डब्याकडून सांगावासा वाटतो.

सुरुवात मात्र बिघाडापासूनच करावी लागते. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांच्या बेसवर एक छोटा तुकडा वाजवत होता. ज्या चॅनेलमधून त्याचा आवाज येत होता, त्याचा ट्रान्सफॉर्मर कन्सोलमध्येच बिघडला. गुळगुळीत, संथ कंट्री गाण्याच्या मधोमध एखादी माशी बाटलीत अडकावी तसा आवाज उमटला. तो तुकडा कापला गेला नाही. गाणं १९६१ साली आलं आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ग्लेन स्नॉडी या ध्वनिअभियंत्याने बिघडलेला भाग फेकून दिला नाही. नेमकं काय बिघडलं की असा आवाज येतो, हे शोधून त्याने रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याबरोबर तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवून आणला.

बिघाड साधाच आहे. तारेतून येणारी लहर डोंगरासारखी गोलाकार असते. सर्किटला झेपणार नाही इतकी ती मोठी केली की तिचे शेंडे आणि तळ छाटले जातात, डोंगराचं पठार होतं. त्या सपाट कडांमधून मूळ स्वराच्या पटीतले अनेक वरचे स्वर जन्मतात, आणि कान त्यालाच खरखर म्हणतो. इंजिनिअरिंगला आम्हाला हे ‘क्लिपिंग’ म्हणून शिकवलं, पण टाळायची गोष्ट म्हणून. प्रात्यक्षिकाच्या वहीत ऑसिलोस्कोपवरचं पठार काढायचं आणि खाली ते कसं घालवावं ते लिहायचं.

स्नॉडीचं सर्किट गिब्सन कंपनीने घेतलं आणि १९६२ साली ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं. मॉडेल एफझेड-१. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल, आणि पाचरीसारखा उतरता डबा. पाय ठेवायला सोयीचं जावं म्हणून हा उतार. विद्युत गिटारसाठीचं हे काही पहिलंच जोडयंत्र नव्हतं. पण खोक्यातला बिघाड विकत घ्यायचा, ही कल्पना नवी होती. गिब्सनलाही ती विकायची कशी हे कळलं नसावं, कारण जाहिरातीचा सूर असा होता की याने गिटारमधून फुंकवाद्यांसारखे आवाज काढता येतील. पहिल्या वर्षी दुकानदारांनी पाच हजारांहून अधिक नग उचलले, आणि पुढची दोन वर्षं नवी मागणी जवळजवळ शून्यावर आली. १९६५ च्या मे महिन्यात कीथ रिचर्ड्‌सने ‘सॅटिस्फॅक्शन’चा तुकडा याच यंत्रातून वाजवला. त्याच्या मनात तो तात्पुरता होता. पुढे तिथे खरी ब्रास वाद्यं घ्यायची होती. तात्पुरतं तेच राहिलं, आणि कपाटात पडून असलेली एफझेड-१ दुकानांतून संपली.

आता डबा. बिघाडाला डबा लागतो, कारण हा बिघाड फार भोळा असतो. पिकअपमधून येणारा संदेश साधारण शंभर मिलिव्होल्टच्या आसपासचा, तोही क्षणभर. सर्किट त्याला शेकडो पटींनी वाढवून छाटतं. शेजारच्या मिक्सरचा, ट्यूबलाइटच्या चोकचा किंवा फोनचा शिरकाव झाला तर त्यालाही तोच मान मिळतो. वर छाटण्यामुळे मोठं आणि लहान यांतला फरक कमी होतो, म्हणजे तारा शांत असताना घुसखोर आणखी ठळक ऐकू येतो. म्हणून आपला एक लाडका बिघाड ठेवायचा आणि बाकीचे सगळे बाहेर थोपवायचे, असा या डब्याचा उद्योग आहे.

लंडनमध्ये गॅरी हर्स्टने १९६५ साली एफझेड-१ सुधारून ‘टोन बेंडर’ बनवला, तेव्हा पहिले काही नग लाकडी खोक्यात होते. लाकूड हाताशी असतं, कापायला सोपं असतं. मात्र विद्युतक्षेत्राला ते अडवत नाही. लवकरच तो दुमडलेल्या पोलादी पत्र्यात गेला आणि पुढच्या आवृत्त्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये. त्यांच्यावर हॅमर फिनिशचा रंग असे: ठोकून खळगे पाडल्यासारखा दिसणारा करडा-चंदेरी. जुन्या लोखंडी कपाटांवर आणि लेथ मशीनवर तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो आवडीने कमी आणि गरजेने जास्त वापरला जाई, कारण ओतकामातले बारीक खड्डे त्या खळग्यांत लपून जातात.

१९६६ साली लंडनच्याच आयव्हर आर्बिटरने ‘फझ फेस’ काढला. तो चक्क गोल. मायक्रोफोन स्टँडचं जड, गोल बूड पाहून त्याला तो आकार सुचला. वर दोन नॉब डोळ्यांसारखे. जिमी हेंड्रिक्समुळे तो जगभर पोचला. आत फक्त दोन ट्रान्झिस्टर आणि चिमूटभर सुटे भाग, त्यामुळे उघडला की आतली बहुतेक जागा रिकामीच दिसते. जर्मेनियमवाल्या फझची एक खोड अशी की उष्णतेने ट्रान्झिस्टरची गळती वाढते आणि आवाज बदलतो. पुण्यात मे महिन्यात दुपारी आणि रात्री माझं पेडल दोन वेगळ्या स्वभावाचं असतं.

इथून पुढे डबा लहान होत गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये कीथ बार आणि टेरी शेरवुड हे दोघे दुरुस्तीची कामं करत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एमएक्सआर ही कंपनी काढली, आणि त्यांच्या ‘फेज ९०’चा नारिंगी डबा तळहातावर मावेल एवढा होता. एक नॉब, एक बटण. १९७७ मध्ये जपानच्या बॉसने आपली छोटी पेडल्स काढली. त्यांत सेल बदलायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. त्यांच्या रंगांवरून आतलं सर्किट ओळखायची सवय वादकांना लागली: ओव्हरड्राइव्ह पिवळा. रंग हा नावाचाच भाग झाला.

घरी पेडल बनवणाऱ्यांचा इतिहास याला समांतर चालतो. क्रेग अँडरटनचं ‘इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स’ हे पुस्तक १९७५ साली आलं आणि त्यावरून एक अख्खी पिढी डाग द्यायला शिकली. अमेरिकेतले हौशी लोक पेपरमिंटच्या पत्र्याच्या डब्यांत सर्किटं भरत. मी चहापत्तीच्या डब्यात भरून पाहिलं होतं. पहिल्यांदा पाय ठेवल्यावर झाकण जे आत गेलं ते बाहेर आलं नाही. शेवटी सगळेजण एकाच डब्याकडे येतात. कॅनडात ग्वेल्फ नावाच्या गावात हॅमंड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी आहे. (हॅमंड ऑर्गनवाला शिकागोचा हॅमंड वेगळा.) तिच्या १५९० मालिकेतले ओतीव ॲल्युमिनियमचे डबे कुठल्याही उपकरणासाठी म्हणून बनलेले आहेत, संगीताशी त्यांचं काही नातं नव्हतं. पण १५९०बी हा साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरचा डबा जगभरच्या पेडल बनवणाऱ्यांचं मापच होऊन बसला. ‘बीमध्ये बसेल का, की बीबी लागेल?’ असं विचारलं की समोरच्याला बाकी काही सांगावं लागत नाही.

ओतकामाच्या दोन खुणा डब्यावर कायम राहतात. साच्यातून सुटून यावा म्हणून त्याच्या भिंतींना किंचित उतार असतो, त्यामुळे बाजूला भोक पाडताना ड्रिल घसरतं. आधी पंच मारून खूण करायची, मग तीन मिलिमीटरचं भोक, मग पायरीवालं ड्रिल. घाई केली की जॅक वाकडा बसतो, माझा बसलाय. दुसरी खूण दिसत नाही. वितळलेलं ॲल्युमिनियम प्रचंड दाबाने साच्यात मारलं जातं तेव्हा थोडी हवा धातूतच कोंडली जाते. ती तिथे वर्षानुवर्षं निवांत असते. डबा दोनशे अंशांच्या भट्टीत गेला की ती बाहेर पडायला बघते.

भट्टीत तो जातो पावडर कोटिंगसाठी. या कोटिंगची गोष्ट जर्मनीत सुरू होते. एर्विन गेमर याने १९५३ साली पेटंटसाठी अर्ज केला, तो असा: प्लास्टिकची बारीक पूड एका टाकीत भरायची, सच्छिद्र तळातून हवा सोडायची, म्हणजे पूड उकळत्या पाण्यासारखी तरंगू लागते. मग तापवलेली धातूची वस्तू तिच्यात बुडवायची. पूड तिच्यावर वितळून बसते. ना ब्रश, ना थिनर. या पद्धतीने सुरुवातीला इपॉक्सीचे जे जाड थर देत, ते गंज आणि झीज थोपवायला, आणि विद्युतरोधक म्हणून. हे वाचलं त्या क्षणी माझ्या दोन वाया गेलेल्या संध्याकाळींचा उलगडा झाला. ज्याला मी शोभा समजत होते, त्याची पहिली नेमणूकच इन्सुलेशन म्हणून झाली होती.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण एफझेड-१ दुकानात येत होतं त्याच सुमारास, पूड फवारायची गन आली. गनच्या टोकाशी साठ ते शंभर हजार व्होल्ट असतात. त्यातून जाणारा पुडीचा प्रत्येक कण विद्युतभारित होतो, वस्तू अर्थ केलेली असते, आणि कण स्वतःहून तिच्याकडे ओढले जातात. मागच्या बाजूलाही वळून चिकटतात. मग भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं. पूड वितळते, एकजीव होते आणि पक्की होते. थर साठ ते ऐंशी मायक्रॉनचा, म्हणजे सात मिलिमीटरचं भोक कोटिंगनंतर सातचं राहत नाही. नॉबसाठी साडेसातचं पाडावं लागतं. ओल्या रंगातलं थिनर हवेत उडून जातं. लॉस एंजेलिसने १९६६ साली अशा द्रावकांवर बंधनं आणली, १९७० मध्ये अमेरिकेचा हवा शुद्धतेचा कायदा आला, आणि द्रावक नसलेल्या, खाली सांडलेली पूड परत वापरता येणाऱ्या या पद्धतीचे दिवस पालटले. आपला फ्रिज, सायकल, खिडकीची चौकट, ऑफिसातली खुर्ची, सगळीकडे तीच आहे.

उलगडा झाल्यावर मी मल्टीमीटर घेऊन डबा तपासला. पेडलमध्ये सर्किटचा अर्थ जॅकच्या धातूतून डब्याला मिळतो. जॅक डब्याच्या आतल्या बाजूला घट्ट टेकतो, एवढीच जोडणी. माझ्या डब्यावर आतूनही कोटिंग झालं होतं, स्क्रूच्या बैठकींवरसुद्धा. म्हणजे डबा होता पण कशालाच जोडलेला नव्हता, झाकण तर त्याहून एकटं. मल्टीमीटरची टोकं आत कुठेही टेकवली तरी बीप वाजेना. अपवाद एकच: आतले चार कोपरे. तिथे थर इतका विरळ होता की खालचा धातू चमकत होता. टोक कोपऱ्यात खुपसलं की बीप.

कोपरेच का, ते मला भोसरीत कळलं. एमआयडीसीत पावडर कोटिंगची अनेक छोटी युनिट्स आहेत. मी गेले ती पत्र्याची शेड, पुढे सात टाक्यांची रांग, मागे ओव्हन. एका डब्यासाठी कुणी गनमधली पूड बदलत नाही, बूथ साफ करायला लागतो. ‘आज ७०३५ चाललंय, त्यात टाकतो,’ असं तिथल्या काकांनी मला पहिल्या वेळीच सांगितलं होतं. ७०३५ हा जर्मन आरएएल यादीतला फिकट करडा, आपल्याकडे इलेक्ट्रिक पॅनेलना देतात तो. ही यादी १९२७ साली चाळीस रंगांनिशी सुरू झाली. भोसरीत आज रंगांना नावं नाहीत, हेच आकडे आहेत.

या वेळी मी दुसरा डबा घेऊन गेले होते आणि पहिला दाखवायला आणला होता. मी कोपरे दाखवले. मला वाटलं काकांना ते कामातलं उणं वाटेल.

‘मॅडम, कोपरा पावडर घेत नाही,’ ते म्हणाले. ‘गनचा करंट कडेला धरतो, आत शिरतच नाही. पॅनेलचं असेल तर व्होल्टेज कमी करून कोपरे आधी मारतो, मग बाहेरून. तुमचा आतून काय करायचा म्हणून सोडला.’

याला कोटिंगच्या धंद्यात ‘फॅरडे केज इफेक्ट’ म्हणतात. १८३६ च्या जानेवारीत मायकल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी चौकोनी खोली उभी केली, ती बाहेरून धातूने मढवली, बाहेरून तिला जबरदस्त विद्युतभार दिला, आणि आपली उपकरणं घेऊन तो आत जाऊन बसला. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत उपकरणांना काहीच कळलं नाही. भार बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो. म्हणून अर्थ केलेल्या डब्याच्या आत भिंतीतला जी पोचत नाही. आणि नेमकं म्हणूनच गनच्या क्षेत्ररेषा डब्याच्या बाहेरच्या कडांवर संपतात, आतल्या कोपऱ्यापर्यंत जात नाहीत, आणि पूडही जात नाही. ज्या कारणाने डबा माझं पेडल शांत ठेवतो, त्याच कारणाने त्याचे कोपरे रंगायचे राहतात. या विषयावर मी परीक्षेत आकृतीसह पूर्ण गुण मिळवले होते. कोपरा बघून मला तो आठवला नाही. ज्यांनी ती आकृती कधी काढलेली नाही त्यांनी तो रोज गनने चुकवलेला आहे. (फॅरडेचा डबाही सगळं अडवत नाही. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं पन्नास हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियममधून आरपार जातं, म्हणून पेडल पॉवर सप्लायला खेटून ठेवू नये.)

काकांनी आणखी दोन गोष्टी केल्या. नवा डबा कोरडाच आधी ओव्हनमध्ये घालून तापवून घेतला, म्हणजे धातूत कोंडलेली हवा रंगाआधीच निघून जाईल. पहिल्या डब्याच्या माथ्यावर टाचणीएवढी भोकं पडली होती ती या हवेची. आणि टांगायचा हुक घासून घेतला. हुकवर जुन्या कोटिंगचे थर चढले की जॉबला अर्थ मिळत नाही आणि पूड धरत नाही. माझ्या पेडलचा दोष हुबेहूब हाच होता. मास्किंगला त्यांनी हिरवी, उष्णता सोसणारी टेप दिली. ती मी शेडच्या दारात स्टुलावर बसून आतून, स्क्रूच्या बैठकींवर आणि झाकणाच्या कडेला लावली.

‘यात ठेवणार काय?’ त्यांनी विचारलं.

‘गिटारचा आवाज खराब करायचं सर्किट.’

‘खराब करायचं?’

मी फोनवर ‘डोन्ट वरी’ लावलं. गाणं गोड चाललं होतं तोवर त्यांनी मान हलवली. मधला बेसचा तुकडा आला तसं ते म्हणाले, ‘स्पीकर फाटला.’ मी म्हटलं, हेच. त्यांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. मग हात पुसून ते बूथकडे गेले.

पहिला डबा मी घरीच नीट केला: जॅकखालची आणि चारही स्क्रूंच्या बैठकींवरची पूड कानशीने खरवडून काढली, झाकणाची कड घासली. बीप वाजला, जी थांबला. दुसरा डबा त्या दिवशी पॅनेलच्या दारांच्या रांगेत शेवटच्या हुकावर टांगला होता. सगळी रांग एकाच करड्या रंगाची.